अमेरिकेतल्या अल्टरनेटिव्ह चार्टर हायस्कूलचे आकडे कसे वाचायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या एखाद्या मराठी घरातला मुलगा दहावी-अकरावीच्या सुमारास अडखळतो. आजारपण, नैराश्य, आई-वडिलांची फारकत, नोकरीपायी तीनदा बदललेलं राज्य, कारण काहीही असो. शाळेतला काउन्सेलर एका अल्टरनेटिव्ह, म्हणजे अडखळलेल्या किंवा मागे पडलेल्या मुलांसाठीच्या, चार्टर हायस्कूलचं नाव सुचवतो. रात्री आई-बाबा त्या शाळेचं सरकारी प्रगतिपुस्तक उघडतात आणि हबकतात: ग्रॅज्युएशन रेट (वेळेत हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचा टक्का) चाळिशीच्या आत, गणितात जेमतेम कुणी पास, गरीब मुलं नव्वद टक्क्यांच्या वर. अशा पालकांकडून हमखास येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

चार्टर म्हणजे खासगी शाळाच ना?

नाही. ती सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर साधारणपणे सोडत काढते. फरक कारभारात आहे. डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या, हाताखाली न राहता एक स्वतंत्र मंडळ ठरावीक मुदतीच्या करारावर शाळा चालवतं. कबूल केलेलं काम झालं नाही तर कराराचं नूतनीकरण होत नाही आणि शाळेला कुलूप लागतं.

चार्टरचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला. पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात सिटी अकॅडमी सुरू झाली, ती देशातली पहिली चार्टर शाळा. मायलो कटर ही शिक्षिका आणि तिच्या सहकाऱ्यांनी ती काढली, तीही शाळा सोडून दिलेल्या मुलांसाठी. आज चार्टर म्हटलं की लोकांना गणवेश, कडक शिस्त आणि कॉलेजच्या तयारीचे कारखाने आठवतात. पण त्यांतली पहिली शाळा आजच्या भाषेत अल्टरनेटिव्हच होती.

एखाद्या शाळेला अल्टरनेटिव्ह कोण ठरवतं? शाळा स्वतःच म्हणते का?

जाहिरातीत कोणीही काहीही म्हणू शकतं. पण मूल्यमापनासाठी तो दर्जा राज्य देतं आणि त्यासाठी मुलांची मोजणी लागते. कॅलिफोर्नियात अशा चार्टरमधली किमान ७० टक्के मुलं 'हाय-रिस्क' असावी लागतात. टेक्सासमध्ये हा आकडा ७५ टक्के आहे, कोलोरॅडोत ९० टक्के.

हाय-रिस्क कोण, याची यादी कायद्यात आणि नियमांत असते. कॅलिफोर्नियाच्या यादीत काढून टाकलेली मुलं, वर्षात दहा दिवसांहून जास्त निलंबित झालेली, गरोदर किंवा आई-बाप झालेली, क्रेडिट (विषय पास केल्यावर खात्यात जमा होणारे गुणांक) कमी पडलेली, मध्येच शाळा सोडून परत आलेली, सतत गैरहजर राहणारी, न्यायालयाच्या ताब्यातली, फॉस्टर घरात (सरकारने सोपवलेल्या दुसऱ्या कुटुंबात) वाढणारी आणि बेघर मुलं येतात. यादी नीट वाचली की एक गोष्ट लक्षात येते. 'गुन्हेगार मुलांची शाळा' अशी जी कुजबुज मराठी मंडळाच्या गणपतीत ऐकू येते, तिच्यात बसणारी मुलं या यादीचा छोटासा भाग आहेत. नुसती क्रेडिट कमी पडलेली, म्हणजे विषय नापास होऊन मागे राहिलेली मुलंच बहुतेक ठिकाणी सगळ्यात जास्त दिसतात.

ग्रॅज्युएशन रेट इतका कमी कसा? निम्मी मुलं नापास होतात का?

सगळा घोटाळा इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या डोक्यात 'निकाल' म्हणजे बोर्डाचा निकाल. दहावीला किती बसले, त्यांतले किती पास झाले. जो परीक्षेला बसलाच नाही तो त्या टक्केवारीत नसतो. पुनर्परीक्षार्थी आणि १७ नंबरचा फॉर्म भरून बसलेली खासगी मुलं, यांचे आकडे तर बोर्ड वेगळेच जाहीर करतं. शाळेच्या फाटकावर लागलेल्या '१०० टक्के निकाल'च्या फलकामागे नववीत गळालेली मुलं दिसत नाहीत.

अमेरिकेचा हिशोब याच्या उलट आहे. २००८ च्या केंद्रीय नियमाने सगळ्या राज्यांना एकच सूत्र लावलं आणि २०१०-११ पासून त्यानुसार आकडे येऊ लागले. चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा नववीत बसलेली सगळी मुलं छेदात. त्यांत बाहेरून आलेली मिळवायची, दुसऱ्या शाळेत गेलेली, परदेशी गेलेली आणि मरण पावलेली वजा करायची. अंशात फक्त ती मुलं, ज्यांनी चार वर्षांत हायस्कूलचा नेहमीचा डिप्लोमा मिळवला. देशाचा हा दर २०१०-११ मध्ये ७९ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ८७ टक्के.

आता एक मुलगा घ्या. डिप्लोम्याला २२० क्रेडिट लागतात आणि वर्षाला साधारण ६० मिळतात, असं धरू. हा मुलगा अडीच वर्षं मोठ्या डिस्ट्रिक्ट हायस्कूलमध्ये होता आणि त्याच्या खात्यात ६० क्रेडिट जमली. अकरावीच्या मध्यावर तो अल्टरनेटिव्ह चार्टरमध्ये येतो. वेळेत पास व्हायचं तर उरलेल्या दीड वर्षात १६० क्रेडिट हवीत. नेहमीच्या वेगाने ९० होतात. त्याने जीव तोडून अभ्यास केला आणि चौदा-पंधरा महिने उशिरा डिप्लोमा घेतला, तर घरी पेढे वाटले जातील. सरकारी तक्त्यात मात्र तो कायमचा 'चार वर्षांत न झालेला'. आणि त्याचं नाव कोणत्या शाळेच्या छेदात? नव्या. जुन्या शाळेने त्याला 'बदली झाली' म्हणून आपल्या छेदातून वजा केलेलं असतं. तिचा दर उलट किंचित सुधारतो!

म्हणजे अडीच वर्षांचं अपयश ज्या शाळेत घडलं तिची पाटी कोरी, आणि ज्या शाळेने त्याला आत घेतलं तिच्या नावावर ते चढलं. २०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्यात यावर थोडा उतारा आहे. वर्षाच्या निम्म्याहूनही कमी काळ शाळेत राहून डिप्लोम्याविना निघून गेलेल्या मुलाला, ज्या शाळेत त्याची बहुतेक वर्षं गेली तिच्या खात्यात टाकायची मुभा राज्याला आहे. पण त्याहून जास्त टिकलेल्यांसाठी काही नाही.

काही शाळांचा दर शून्याजवळ दिसतो. अशी शाळा चालूच कशी राहते?

फिलाडेल्फियातली यूथबिल्ड चार्टर बघा. ती घेतेच मुळी १८ ते २० वयाची, डिप्लोमा न मिळालेली मुलं, आणि त्यांना अभ्यासाबरोबर बांधकामासारखं कौशल्य शिकवते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी दाखल होणाऱ्याची चार वर्षं दाराशीच संपत आलेली असतात, किंवा संपलेलीच. अशा शाळेला चार वर्षांचा दर लावणं म्हणजे दुपारी बाराला दगावलेल्या पेशंटवरून रात्रपाळीच्या डॉक्टरला जाब विचारणं.

मग कोणता आकडा बघायचा?

राज्यागणिक वेगळा. कॅलिफोर्निया आपल्या अल्टरनेटिव्ह शाळांसाठी 'एक वर्षाचा ग्रॅज्युएशन रेट' काढतं. यंदा बारावीच्या टप्प्यावर असलेल्यांपैकी, म्हणजे पास होण्याच्या बेताला आलेल्यांपैकी किती पास झाले, असा त्याचा साधारण अर्थ. तो चार वर्षांच्या दरापेक्षा बराच वर दिसतो. टेक्सास पाच आणि सहा वर्षांचे दरही मोजतं. ओहायो ड्रॉपआउट रिकव्हरी शाळांना, म्हणजे शाळा सोडलेल्यांना परत आणणाऱ्या शाळांना, वेगळंच प्रगतिपुस्तक देतं.

माझं मत विचाराल तर मी आधी पाच आणि सहा वर्षांचे दर उघडतो. चार वर्षांचा दर ३५ आणि सहा वर्षांचा ६० असेल, तर शाळा उशिरा का होईना पण मुलं पार करते. चारचा ३५ आणि सहाचाही ३८ असेल, तर मुलं मागे नाहीत, गायब आहेत. शाळेची इमारत, संकेतस्थळावरचे हसरे फोटो, मुख्याध्यापकांचं मनोगत यांपेक्षा या दोन आकड्यांमधलं अंतर जास्त सांगून जातं.

दुसरी गोष्ट, एका सत्रात सरासरी मूल किती क्रेडिट कमावतं. हा आकडा प्रगतिपुस्तकात बहुधा नसतो, पण शाळेकडे असतोच. विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजा.

जीईडी मिळवलेलं मूल पास धरतात का?

केंद्रीय सूत्रात नाही. जीईडी ही समकक्षता परीक्षा आहे, डिप्लोमा नव्हे. टेक्सासमध्ये अल्टरनेटिव्ह शाळांच्या मूल्यमापनात तिला जागा आहे. म्हणून दोन राज्यांतल्या शाळांचे टक्के शेजारी ठेवून तुलना करू नका.

गणितात पाच-सात टक्के मुलंच पास. शिकवतात तरी काय?

हायस्कूलची राज्य परीक्षा बऱ्याच ठिकाणी एकदाच होते. कॅलिफोर्नियात अकरावीला. अल्टरनेटिव्ह शाळेत अकरावीत बसलेल्या कित्येक मुलांचं नववीचं बीजगणितच सुटलेलं असतं आणि कित्येक त्याच वर्षी दाखल झालेली असतात. तो पेपर या शाळेने काय शिकवलं हे दाखवत नाही, मूल कुठून आलं हे दाखवतो.

त्यात ९५ टक्के मुलांनी परीक्षा द्यावी असा केंद्राचा दंडक आहे. कमी बसली तर गैरहजरांचा भार निकालावर पडतो. परीक्षेच्या दिवशी जी मुलं कामावर असतात किंवा घरी धाकट्या भावंडाला सांभाळत असतात, ती अशाच शाळांत जास्त.

असं असलं तरी सगळं खापर पूर्वस्थितीवर फोडणंही बरोबर नाही. लगतच्या, तशाच मुलांच्या दुसऱ्या अल्टरनेटिव्ह शाळेत १५ टक्के पास होत असतील आणि इथे ५, तर तो फरक शिकवण्याचा असू शकतो. तुलना करायचीच तर अशी करा. शेजारच्या नामांकित हायस्कूलशी नको.

चार्टर शाळांवर मोठे अभ्यास झालेत ना? त्यांतून काय दिसतं?

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या शिक्षण-संशोधन केंद्राचे अभ्यास सगळ्यात जास्त उद्धृत होतात. २००९ च्या अभ्यासात गणितात १७ टक्के चार्टर शाळा आसपासच्या नेहमीच्या सरकारी शाळांपेक्षा सरस आणि ३७ टक्के मागे निघाल्या. २०२३ च्या अभ्यासात चित्र पालटलं. चार्टरची मुलं वाचनात वर्षाला १६ आणि गणितात ६ शालेय दिवसांइतकी पुढे. पण त्याच अहवालात ऑनलाइन चार्टर वाचनात ५८ आणि गणितात १२४ दिवस मागे. तुम्हाला सुचवलेली शाळा पूर्ण ऑनलाइन असेल, तर हा शेवटचा आकडा दोनदा वाचा.

अल्टरनेटिव्ह हायस्कूलला ही सरासरी जशीच्या तशी लावू नये. प्रगती मोजायला मुलाचे आधीचे गुण लागतात, आणि ज्याने मधली वर्षं शाळाच पाहिली नाही त्याचे गुण आणायचे कुठून?

तिथली मुलं कोण असतात? वंश, भाषा, उत्पन्न असे रकाने असतात ना?

असतात. देशभरातल्या सगळ्या चार्टर शाळा एकत्र धरल्या तर २०२१ मध्ये सुमारे ३६ टक्के मुलं लॅटिनो, २४ टक्के कृष्णवर्णीय आणि २९ टक्के गोरी होती. शहरांतल्या अल्टरनेटिव्ह चार्टरमध्ये पहिल्या दोन गटांचं प्रमाण साधारण याहूनही जास्त दिसतं. हे आकडे पाहून आपल्यातले काही पालक जी मान हलवतात, ती मला आवडत नाही. ज्या वस्त्यांत शाळा बंद पडल्या, मुलं जास्त वेळा निलंबित झाली, तिथूनच मुलं इथे येतात. हा रकाना मुलांची लायकी सांगत नाही.

वंशाच्या रकान्यापेक्षा मला पुढचे तीन उपयोगी वाटतात. पहिला, विशेष शिक्षणाचा. देशात सुमारे १५ टक्के मुलं त्यात येतात. शाळेत हा टक्का २५ असेल तर तिच्याकडे तितके प्रशिक्षित शिक्षक आहेत का, हे विचारायलाच हवं. दुसरा, बेघर मुलांचा. मॅकिनी-व्हेंटो कायद्यात (१९८७) बेघर म्हणजे फक्त फुटपाथवरचा नव्हे. घर गेल्यामुळे नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणारं मूलही त्यात येतं. तिसरा, वर्षभर टिकून राहिलेल्या मुलांचा. सप्टेंबरला ३०० आणि जूनमध्येही ३००, पण मधल्या काळात निम्मी बदललेली, अशी शाळा आणि स्थिर ३०० मुलांची शाळा या दोन वेगळ्या शाळा आहेत.

'गरीब मुलं १०० टक्के' असं लिहिलंय. खरंच एकही सुस्थितीतलं मूल नाही?

बहुधा तसं नसतं. हा आकडा दुपारच्या जेवणावरून येतो. कुटुंबाचं उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत. पूर्वी प्रत्येक घराकडून फॉर्म भरून घेत. मग २०१० च्या कायद्याने एक सोय आली. शाळेतली ठरावीक टक्के मुलं आधीच सरकारी मदत योजनांच्या यादीत असतील, तर सरसकट सगळ्यांना फुकट जेवण आणि फॉर्मची कटकट बंद. ही अट ४० टक्क्यांची होती, २०२३ मध्ये २५ वर आली. अशा शाळेत काही राज्यं सगळ्यांनाच 'गरीब' धरून १०० टक्के लिहितात. मुलांच्या पोटाला ही सोय उत्तम, आकडेवारीचं मात्र तिने वाटोळं केलं. नेमकी गरिबी पाहायची तर मदत योजनांतून थेट प्रमाणित झालेल्या मुलांचा टक्का शोधा.

आपलं मूल कोणत्या रकान्यात जाणार?

एशियन. केंद्राच्या व्याख्येत भारतीय उपखंड त्यातच येतो. अल्टरनेटिव्ह शाळेत हा रकाना अनेकदा रिकामा किंवा चांदणी लावलेला दिसतो, म्हणजे अशी मुलं मोजकीच आहेत. इतक्या छोट्या गटाचा निकाल छापला तर मूल ओळखू येईल, म्हणून तो झाकतात. कॅलिफोर्नियात दहा किंवा त्याहून कमी मुलं असतील तर निकाल दाखवत नाहीत.

जाता जाता एक. प्रवेशाच्या फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिलीत, तर मुलाला इंग्रजीची चाचणी द्यावी लागू शकते, मग ते इथेच जन्मलेलं का असेना. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खोटं इंग्रजी लिहू नका.

मुलगा एच-४ (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या कुटुंबाच्या) व्हिसावर आहे. प्रवेश मिळेल का?

मिळेल. इमिग्रेशनच्या दर्जावरून सरकारी शाळा मुलाला नाकारू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये प्लायलर खटल्यात सांगितलं आहे. चार्टरही सरकारी शाळाच.

'मुलंच अशी येतात' ही शाळांना मिळालेली पळवाट नाही का?

होऊ शकते, आणि झालीही आहे. ओहायोतली ईकॉट ही प्रचंड ऑनलाइन चार्टर शाळा. तिच्या ग्रॅज्युएशन रेटवर टीका झाली की अडचणीतली मुलं आमच्याकडे येतात, असं उत्तर मिळे. राज्याने हजेरी तपासली. २०१५-१६ साठी जवळपास १५,३०० मुलांचे पैसे घेतले होते, पुरावा सापडला तो साधारण ६,३०० मुलांइतक्या शिक्षणाचा. सुमारे सहा कोटी डॉलर परत मागितले गेले. २०१७ मध्ये शाळेने ड्रॉपआउट रिकव्हरीचा दर्जा मागितला, म्हणजे सौम्य निकष लागले असते. जानेवारी २०१८ मध्ये, ऐन शैक्षणिक वर्षात, ती बंद पडली आणि सुमारे १२,००० मुलं रस्त्यावर आली.

म्हणून मी हजेरी पाहतो. शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा जास्त बुडवणाऱ्याला सतत गैरहजर धरतात, म्हणजे १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस. कोविडच्या साथीनंतर देशात असं प्रमाण २०२१-२२ मध्ये २८ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. अल्टरनेटिव्ह शाळेत ते त्याहून जास्त असणार, हे मान्य. पण मूल तीन दिवस आलं नाही तर तिसऱ्या दिवशी फोन कोण करतं, या प्रश्नाला खऱ्या शाळेत नाव मिळतं. 'आमची प्रणाली आपोआप संदेश पाठवते' असं उत्तर आलं, तर मी मूल तिथे घालणार नाही.

शाळेवर केंद्राचा 'सुधारणा आवश्यक' असा शिक्का आहे. टाळावी का?

नुसत्या शिक्क्यावरून नको. २०१५ च्या कायद्याप्रमाणे एक-तृतीयांश किंवा जास्त मुलं डिप्लोम्याविना राहणारं हायस्कूल आपोआप या यादीत जातं. वर सांगितलेलं गणित पाहता अल्टरनेटिव्ह शाळा त्यात सापडणं जवळजवळ ठरलेलंच. राज्याचा स्वतःचा, अल्टरनेटिव्ह शाळांसाठीचा शेरा आणि चार्टरचं मागचं नूतनीकरण किती वर्षांचं झालं, हे पाहा. पाच वर्षांऐवजी दोन वर्षांचं झालं असेल तर कारण विचारा.

इथून कॉलेजला जाता येतं का?

डिप्लोमा नेहमीचाच असतो. कम्युनिटी कॉलेजचा दरवाजा उघडाच असतो आणि तिथून दोन वर्षांनी विद्यापीठात बदली घेणं हा अगदी रुळलेला रस्ता आहे. थेट कॅलिफोर्निया विद्यापीठात जायचं तर त्यांनी ठरवलेले १५ वर्षभराचे विषय लागतात, आणि राज्याचा डिप्लोमा त्याहून कमी विषयांत मिळतो. ते सगळे विषय ही शाळा देते का, प्रयोगशाळेच्या विज्ञानासकट, हे प्रवेशाआधीच लेखी घ्या.

मुलगी एकोणीस पूर्ण आहे, एक लहान बाळही आहे. आता उशीर झाला का?

राज्य कोणतं, यावर आहे. टेक्सास २१ पर्यंत शाळेत घेतं, काही ठिकाणी २६ पर्यंत. कॅलिफोर्नियात एकोणिशीनंतर खंड न पडता शाळेत असावं लागतं, पण यूथबिल्ड किंवा जॉब कोअरसारख्या, तरुणांना कामाचं कौशल्य शिकवणाऱ्या कार्यक्रमांशी जोडलेल्या चार्टरना सूट आहे. इंडियानापोलिसमध्ये गुडविल या सेवाभावी संस्थेने २०१० मध्ये एक्सेल सेंटर काढलं. ते प्रौढांसाठीचं चार्टर हायस्कूल आहे, पूर्ण डिप्लोमा देतं आणि आई वर्गात असताना बाळाला सांभाळण्याची सोय तिथेच, मोफत असते. पुढे अशी केंद्रं ऑस्टिन आणि वॉशिंग्टन डीसीमध्येही निघाली. फोन करताना मुलीची आधीची क्रेडिट-नोंद हाताशी ठेवा. पहिला प्रश्न तोच येईल.